परदेशी गेलेल्या पूर्वजाचा माग : जनगणना आणि वृत्तपत्रे कशी वाचावीत

परदेशी जाऊन तिकडेच स्थायिक झालेल्या पूर्वजाबद्दल कुटुंबात बहुधा फारच थोडे उरलेले असते: एक नाव, एका शहराचा उल्लेख आणि तो कुठल्या कामावर होता याची अर्धवट आठवण. एवढ्या भांडवलावरही त्याच्या आयुष्याची वर्षवार जुळणी करता येते, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक देशांनी दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन माणसांची नावानिशी नोंद केली आणि त्याच काळात स्थानिक वृत्तपत्रे सामान्य माणसांची लग्ने, अपघात, खटले आणि मृत्यू छापू लागली. ही दोन साधने घेऊन काम कसे करावे ते या लेखात क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून एकच कल्पित माणूस शेवटपर्यंत सोबत ठेवला आहे: आयर्लंडच्या कॉर्क काउंटीतून १८८० नंतरच्या दशकात निघालेला, न्यूयॉर्कला लागून असलेल्या ब्रुकलिनमध्ये गोदी कामगार झालेला, तिथेच लग्न करून १९२४ मध्ये तिथेच वारलेला एक तरुण. देश बदलला तरी पद्धत हीच राहते. बदलतात ते नोंदींचे रकाने आणि त्या खुल्या होण्याचे नियम.

शेवटाकडून सुरुवात करा

नवशिक्याची पहिली ओढ जन्मगावाकडे असते. पूर्वज आयर्लंडचा होता एवढे कळताच तो आयर्लंडमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी उघडतो, तिथे त्या नावाची दहा मुले सापडतात आणि त्यांतले सर्वांत सोयीचे मूल तो आपले पूर्वज म्हणून निवडतो. पुढची सगळी इमारत मग त्या निवडीवर उभी राहते. म्हणून समुद्र शेवटी ओलांडायचा. ज्या देशात माणूस वारला त्या देशातल्या, त्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या नोंदीपासून सुरुवात करायची आणि एकेक दशक मागे जायचे. मृत्यूची नोंद, थडग्यावरचा मजकूर, मुलांचे विवाह दाखले आणि घरातली जुनी पत्रे यांतून मिळालेली प्रत्येक गोष्ट एका वहीत लिहावी आणि तिच्यापुढे ती कोणी, कधी आणि कोणाला सांगितली हे नोंदवावे.

हा शेवटचा तपशील मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मृत्यूच्या दाखल्यावरचे आईवडिलांचे नाव मृताने सांगितलेले नसते. ते जावयाने किंवा शेजाऱ्याने, दुःखाच्या घाईत, ऐकीव माहितीवरून सांगितलेले असते. त्याच दाखल्यावरची मृत्यूची तारीख मात्र डॉक्टरने त्याच दिवशी लिहिलेली असते. एकाच कागदावरच्या दोन ओळींचे वजन असे वेगवेगळे असते आणि ते ज्याला तोलता येते त्याची फसगत कमी होते.

जनगणनेत काय असते आणि काय नसते

अमेरिकेत दर दहा वर्षांची जनगणना १७९० पासून होते, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची संख्या असे. घरातल्या प्रत्येक मुक्त, म्हणजे गुलाम नसलेल्या, व्यक्तीचे नाव १८५० पासून लिहिले जाऊ लागले. इंग्लंडमध्ये प्रत्येकाचे नाव १८४१ च्या गणनेत मिळते. मात्र त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांची वये सर्वसाधारणपणे पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, त्यामुळे तिथे तिशीचा दिसणारा माणूस चौतीस वर्षांचाही असू शकतो. जन्माचा नेमका पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला स्थानिक विभाग, तिथे १८५१ पासून मिळू लागतो.

व्यक्तिगत तपशील किती वर्षांनी खुले होतात याचा नियम देशागणिक निराळा आहे. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे आणि १९५० ची गणना १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. कॅनडात ९२ वर्षांचा नियम असल्याने १९३१ ची गणना २०२३ मध्ये खुली झाली. इंग्लंड आणि वेल्सची १९२१ ची गणना शंभर वर्षांनंतर जानेवारी २०२२ मध्ये उपलब्ध झाली. त्यांची १९३१ ची गणना १९४२ मधल्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आकडे काढून झाल्यावर घरोघरचे अर्ज नष्ट करण्याची रीत होती, म्हणून तिकडे गेलेल्या माणसासाठी मतदारयाद्या आणि वृत्तपत्रे यांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते.

आपल्या गोदी कामगारासाठी सर्वांत मोलाची अमेरिकन गणना १९०० ची. तिच्यात प्रत्येकाच्या जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला झालेली वर्षे, विवाहित स्त्रीला झालेली आणि हयात असलेली मुले, देशात आल्याचे वर्ष, नागरिकत्वाची स्थिती, व्यवसाय, वर्षात किती महिने काम नव्हते, लिहिता-वाचता आणि इंग्रजी बोलता येते का, घर मालकीचे की भाड्याचे, एवढे रकाने आहेत. जन्माचा महिना याआधीच्या गणनांत सर्वांसाठी विचारलेला नाही आणि पुढे पुन्हा वगळला गेला, म्हणून हे पान मिळाले की त्यातला प्रत्येक रकाना उतरवून घ्यावा. १९१० मध्ये मुलांची संख्या आणि आगमनाचे वर्ष पुन्हा विचारले आहे. १९२० मध्ये मुलांची संख्या नाही, पण नागरिकत्व मिळाल्याचे वर्ष आणि मातृभाषा आहे. १९३० मध्ये पहिल्या लग्नाच्या वेळचे वय आहे, आणि घरात रेडिओ आहे का हेही विचारले आहे. नागरिकत्वाच्या रकान्यात ‘एनए’ म्हणजे नागरिकत्व मिळालेला, ‘पीए’ म्हणजे नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणारा पहिला अर्ज केलेला आणि ‘एएल’ म्हणजे अद्याप परकीय. या दोन-दोन अक्षरांवरून पुढची दिशा ठरते: १९०० मध्ये ‘पीए’ आणि १९१० मध्ये ‘एनए’ दिसले, तर न्यायालयातले कागद त्या दहा वर्षांत शोधायचे.

वय काढताना गणनेचा संदर्भदिन लक्षात ठेवावा. अमेरिकेत १९०० ची गणना १ जूनच्या, १९१० ची १५ एप्रिलच्या आणि १९२० ची १ जानेवारीच्या स्थितीवर आधारलेली होती. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या माणसाचे वय १९०० ते १९१० मध्ये दहाने वाढते, तसेच १९१० ते १९२० मध्येही. पण मे महिन्यात जन्मलेल्याचे पहिल्या दशकात नऊने आणि नंतर दहाने वाढलेले दिसेल. असा फरक दिसला की लगेच दुसरा माणूस समजू नये.

त्याच बरोबर, या नोंदींवर डोळे झाकून विसंबूही नये. प्रगणक दारात आला तेव्हा उत्तर कोणी दिले हे जुन्या अमेरिकन गणनांत लिहिलेलेच नाही. १९४० मध्ये प्रथमच उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळातली फुली केलेली आढळते. गोदी कामगार दिवसभर कामावर असे, तेव्हा त्याच्या आगमनाचे वर्ष बायकोने किंवा खालच्या मजल्यावरच्या बाईने सांगितले असण्याची शक्यता बरीच. म्हणून आपल्या माणसाचे आगमनवर्ष १९०० मध्ये १८८७, १९१० मध्ये १८८८ आणि १९२० मध्ये १८८५ असे लिहिलेले दिसले, तर ती तीन माणसे समजायची नाहीत. घटनेच्या सर्वांत जवळच्या नोंदीला थोडे अधिक वजन द्यावे आणि जहाजांच्या याद्या १८८४ ते १८८९ अशा सैल पट्ट्यात पाहाव्यात.

जन्मदेशाचा रकानाही असाच वाचावा लागतो. पहिल्या महायुद्धानंतर युरोपच्या सीमा बदलल्या, त्यामुळे १९१० मध्ये ‘ऑस्ट्रिया’त जन्मलेला माणूस १९२० मध्ये ‘चेकोस्लोव्हाकिया’त किंवा ‘पोलंड’मध्ये जन्मलेला दिसतो आणि त्याचे गाव मात्र जागचे हललेले नसते. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन गणनांत हिंदुस्थानातून आलेल्यांसाठी वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असा शब्द वापरला जाई, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. तो धर्माचा पुरावा मानणे चूक ठरेल.

नाव सापडत नाही तेव्हा

ऑनलाइन सूचीत नाव टाकले आणि काही आले नाही, तर माणूस गणनेत नाही असे समजू नका. सूची म्हणजे कोणीतरी जुने हस्ताक्षर वाचून केलेली नक्कल. प्रगणकाने ऐकले तसे लिहिले, नक्कल करणाऱ्याने दिसले तसे वाचले. दोन ठिकाणी चूक होऊ शकते. शिवाय लोक स्वतःही नाव बदलत. आयरिश आडनावांपुढचा ‘ओ’ किंवा ‘मॅक’ कधी गळे, कधी परत येई, त्यामुळे ओसलिव्हन आणि सलिव्हन अशी दोन्ही रूपे शोधावी लागतात. नॉर्वेहून गेलेल्या माणसाजवळ स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून केलेले नाव आणि शेतवाडीचे नाव असे तिन्ही असे, आणि अमेरिकेत त्यांपैकी कोणतेही आडनाव म्हणून रुजे. न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची तपासणी होई त्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने आमचे आडनाव बदलले, ही कथा अनेक कुटुंबे सांगतात. पण तिथले कारकून निघण्याच्या बंदरावर आधीच तयार झालेल्या यादीवरून नावे पडताळीत असत. बदल बहुतेक वेळा पुढच्या वर्षांत, कामाच्या ठिकाणी, शाळेत किंवा नागरिकत्व घेताना झालेला असतो. हे महत्त्वाचे अशासाठी, की जहाजाच्या यादीत मूळ नाव शोधायला हवे, नंतरचे नव्हे.

उच्चारावरून नावे एकत्र करणारी साउंडेक्स नावाची जुनी पद्धत इथे मदत करते: आडनावाचे पहिले अक्षर आणि पुढच्या व्यंजनांचे तीन अंक. तिची मर्यादा अशी की पहिलेच अक्षर चुकले तर सगळे चुकते. ‘सी’ने सुरू होणारे आडनाव ‘के’ने लिहिले गेले असेल, तर साउंडेक्स ते दाखवणार नाही. अशा वेळी आडनाव पूर्ण गाळून, फक्त पाळण्यातले नाव, अंदाजे जन्मवर्ष, जन्मदेश आणि बायकोचे नाव एवढ्यावर शोधावे. तेही फसले तर पत्त्याकडे वळावे. शहरातल्या रहिवाशांची नावे, धंदे आणि पत्ते असलेल्या छापील डिरेक्टरी त्या काळी दरवर्षी निघत. तिच्यातला पत्ता घेऊन तो कोणत्या प्रगणन विभागात येतो ते नकाशावरून काढावे आणि त्या विभागाची पाने एकेक करून, सूची न वापरता, डोळ्यांनी वाचावीत. दोन-तीन संध्याकाळी जातात, पण हा उपाय अनेकदा चालतो.

मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याशिवाय नोंद पुरी झाली असे मानू नये. त्याच पानाच्या वर-खालची कुटुंबेही उतरवून घ्यावीत. नवागत एकटे राहत नसत; बहीण त्याच गल्लीत, मेहुणा वरच्या मजल्यावर, गावचा माणूस भाडेकरू म्हणून घरातच. आपल्या माणसाच्या १९०० मधल्या घरात बायको आणि तीन मुलांखेरीज एक मेहुणा आणि आपल्या माणसाच्याच आडनावाचा एक तरुण भाडेकरू आहे असे समजा. या दोन नावांकडे आज कोणी लक्ष देणार नाही, पण पुढे तीच आपल्याला समुद्रापार नेतील.

वीस वर्षांचे भगदाड

अमेरिकेच्या शोधात एक मोठी अडचण प्रत्येकाला भेटते. १८९० च्या गणनेचे कागद वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत होते. तिथे जानेवारी १९२१ मध्ये आग लागली आणि आग विझवण्याच्या पाण्याने उरलेल्या कागदांची दैना केली. वाचलेला बराचसा भागही पुढे सरकारी आदेशाने नष्ट करण्यात आला. आज साऱ्या देशातली जेमतेम सहा हजारांच्या आसपास नावे शिल्लक आहेत. १८८५ च्या सुमारास आलेला माणूस १८८० च्या गणनेत नसतो आणि १८९० ची नसल्याने तो एकदम १९०० मध्ये, लग्न झालेला, मुलेबाळे असलेला असा समोर येतो. तरुणपणाची सारी वर्षे या भगदाडात जातात.

ते भरण्याचे काही मार्ग आहेत. काही राज्यांनी स्वतःच्या गणना मधल्या वर्षांत घेतल्या: न्यूयॉर्क राज्याने १८९२, १९०५, १९१५ आणि १९२५ मध्ये, न्यू जर्सीने १८८५ आणि १८९५ मध्ये, आयोवानेही त्याच वर्षांत. न्यूयॉर्कच्या १८९२ च्या गणनेचे मॅनहॅटनचे कागद बहुतांशी हरवले आहेत, ब्रुकलिनचे मात्र आहेत. त्या गणनेत नाती लिहिलेली नाहीत, फक्त नाव, वय, जन्मदेश, नागरिक की परका आणि व्यवसाय. तेव्हा एका घरातल्या नावांवरून कुटुंब ठरवताना जपून राहावे. मॅनहॅटनसाठी आणखी एक वाट आहे: १८९० मध्येच, सरकारी आकडा कमी आला अशी तक्रार करून शहराने पोलिसांकरवी स्वतंत्र मोजणी करून घेतली आणि तिच्या बऱ्याच वह्या टिकून आहेत.

डिरेक्टरी तर या वीस वर्षांत दरवर्षी पाहावी. माणूस प्रथम कोणत्या वर्षी दिसतो, पत्ता किती वेळा बदलतो, ‘मजूर’चा ‘गोदी कामगार’ कधी होतो, हे सारे तिच्यातून कळते. पुरुष यादीतून नाहीसा झाला आणि पुढच्या वर्षी त्याच पत्त्यावर त्याच्या बायकोच्या नावापुढे ‘विडो’ आणि नवऱ्याचे नाव छापलेले दिसले, तर मृत्यूचे वर्ष जवळजवळ हाती आले.

डिरेक्टरीचा दुसरा उपयोग मला फार उशिरा कळला. एकाच नावाच्या, एकाच वर्षी जन्मलेल्या आणि एकाच धंद्यातल्या दोघांपैकी चुकीच्या माणसामागे मी सात महिने चाललो होतो; दोघांच्या बायकांचे नावही एकच होते. एका वर्षाच्या डिरेक्टरीत ते दोघे दोन निरनिराळ्या पत्त्यांवर एकाच पानावर दिसले, तेव्हा सगळे उलगडले. म्हणून आता कोणत्याही माणसाचा धागा जोडण्यापूर्वी, त्याच शहरात त्याच वेळी त्याच नावाची दुसरी व्यक्ती होती का, हे मी आधी पाहतो. नाव आणि वय एवढ्यावर दोन नोंदी जोडू नयेत. पत्ता, बायको, मुलांचा क्रम, धंदा, शेजारी यांपैकी किमान दोन-तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि एखादी गोष्ट ठाम विरोधात जात असेल तर तिचे उत्तर मिळेपर्यंत थांबले पाहिजे.

आता वृत्तपत्रे

जनगणनेची मोठी उणीव अशी की अमेरिकन गणनेत जन्मस्थान म्हणून फक्त ‘आयर्लंड’ एवढेच लिहिलेले असते. काउंटी नाही, पॅरिश नाही. ते सांगते वृत्तपत्र. पण वृत्तपत्राकडे जाताना हातात वर्ष आणि पत्ता असावा लागतो, नाहीतर समुद्रात सुई शोधल्यासारखे होते. म्हणून गणना आणि डिरेक्टरी आधी, वृत्तपत्र नंतर.

बरीचशी जुनी वृत्तपत्रे आज विनामूल्य पाहता येतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा संग्रह, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ट्रोव्ह, न्यूझीलंडचे पेपर्स पास्ट आणि वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रह हे सर्व खुले आहेत. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला वर्गणी लागते. आपल्या उदाहरणासाठी ब्रुकलिन डेली ईगल हे दैनिक नेमके उपयोगी आहे, कारण १८४१ पासूनचे त्याचे अंक ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने खुले केले आहेत. ब्रुकलिन १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते, त्यामुळे तिथल्या माणसांच्या बारीकसारीक बातम्या न्यूयॉर्कच्या मोठ्या दैनिकांत न येता इथे येत. त्याच शहरात त्या समाजाचे स्वतःचे किंवा स्वतःच्या भाषेतले साप्ताहिक निघत होते का, हेही पाहावे. गावाचे नाव अशा पत्रांत अधिक वेळा छापले जाई.

सर्वांत आधी मृत्यूची जाहिरात शोधावी. पैसे देऊन छापलेली ही दोन-चार ओळींची सूचना आणि वार्ताहराने लिहिलेला मृत्युलेख या निराळ्या गोष्टी आहेत. सामान्य कामगारासाठी बहुधा पहिलीच मिळते. मृत्यूच्या तारखेपासून पुढचे चार दिवस पाहावेत. तिच्यात बायकोचे माहेरचे आडनाव, घरचा पत्ता, अंत्ययात्रेची वेळ, चर्चचे नाव आणि अनेकदा ‘कॉर्क काउंटीतल्या अमुक पॅरिशचा मूळ रहिवासी’ असे शब्द असतात. शेवटी ‘कॉर्क पेपर्स प्लीज कॉपी’ अशी ओळ दिसली तर तिथे थांबावे. तिचा अर्थ, कॉर्कच्या वृत्तपत्रांनी ही सूचना पुन्हा छापावी. म्हणजे तिथे अजून कोणीतरी नातेवाईक होते आणि त्यांना कळवायचे होते. त्या ओळीत कधी तिसऱ्याच शहराचे नाव असते, आणि मग कळते की एक भाऊ तिकडे गेला होता. चर्चचे नावही सोडू नये, कारण लग्नाची आणि मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद तिथे मिळण्याचा संभव असतो.

यानंतर जाहिरातींचा रकाना. बॉस्टनच्या ‘पायलट’ या आयरिश कॅथलिक साप्ताहिकात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिराती छापल्या जात. बहीण भावाला शोधते, आई मुलाला, बायको कामासाठी पश्चिमेकडे गेलेल्या नवऱ्याला; आणि ओळख पटावी म्हणून पॅरिश, काउंटी, निघाल्याचे वर्ष, कधी जहाजाचे नाव, शेवटचा ठावठिकाणा असे सारे दिलेले असते. बॉस्टन कॉलेजने या जाहिराती शोधण्याजोग्या करून ठेवल्या आहेत. आपला माणूस ज्याला शोधत होता किंवा ज्याला तो सापडत नव्हता, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव मिळाले तरी जन्मगाव मिळते. ह्या जाहिराती वाचताना मन जड होते, पण एवढा तपशील देणारी दुसरी नोंद मला माहीत नाही.

पोस्टात पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्याही वृत्तपत्रांत छापल्या जात. त्यांत नाव दिसले म्हणजे माणूस त्या गावात होता किंवा कोणाला तरी तसे वाटत होते, एवढेच सिद्ध होते. अपघात, संप, पोलीस न्यायालय, शाळेतली बक्षिसे, मृत्युपत्राच्या नोटिसा, कर्जवसुलीसाठी होणारे लिलाव हेही पाहावे. गोदीतले काम धोक्याचे होते; अपघाताच्या बातमीत वय, पत्ता, मुलांची संख्या आणि कोणत्या रुग्णालयात नेले हे आढळते. वय मात्र वार्ताहराने घाईत लिहिलेले असते आणि आडनावही अनेकदा चुकते, तेव्हा पत्ता जुळतो का ते पाहूनच बातमी आपली म्हणावी.

शोधताना यंत्राने वाचलेल्या मजकुराच्या चुका गृहीत धरा. ‘आर’ आणि ‘एन’ ही लहान अक्षरे जवळ आली की यंत्र त्यांना ‘एम’ वाचते, ओळीच्या शेवटी तुटलेले आडनाव त्याला दिसत नाही, शेजारच्या दोन रकान्यांतल्या ओळी ते एकमेकांत मिसळते. नावाने काही न मिळाल्यास घराचा क्रमांक आणि गल्लीचे नाव एकत्र टाकून पाहा. मला नावापेक्षा पत्त्याने जास्त बातम्या मिळाल्या आहेत. विवाहित स्त्री शोधताना तिचे स्वतःचे नाव जवळजवळ निरुपयोगी असते, कारण वृत्तपत्रे तिला नवऱ्याच्या पूर्ण नावापुढे ‘मिसेस’ लावून छापीत. आणि एखादी तारीख नक्की ठाऊक असेल, तर शोध सोडून त्या दिवसाचा अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा.

नागरिकत्व आणि जहाज

इथे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २७ सप्टेंबर १९०६ पूर्वी नागरिकत्वाचा अर्ज कोणत्याही पात्र न्यायालयात करता येई आणि कागदांत जन्मगाव क्वचितच असे. त्यानंतर छापील नमुने आले, त्यांत जन्मस्थळ, जहाज आणि आगमनाची तारीख विचारली जाऊ लागली. बायकोचे स्वतंत्र कागद १९२२ पूर्वी बहुधा मिळत नाहीत, कारण नवऱ्याच्या नागरिकत्वाबरोबर तिलाही ते मिळे. न्यूयॉर्कला उतरणारे १८५५ ते १८९० या काळात कॅसल गार्डनला आणि १ जानेवारी १८९२ पासून एलिस बेटावर उतरत. १८९३ पूर्वीच्या याद्यांत नाव, वय, धंदा आणि देश यांपलीकडे फारसे नसते, म्हणून १८८० नंतरच्या दशकातल्या यादीत एखाद्या सामान्य नावाचा तरुण सापडला, तरी तो आपलाच असे ठरवू नये. घरी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि पत्ता १९०७ च्या सुमारापासूनच्या याद्यांत असतो. आपला माणूस त्याआधी आला, पण १९०० मध्ये त्याच्या घरी राहणारा भाडेकरू गावी जाऊन १९१० मध्ये परत आला असेल, किंवा धाकटी बहीण त्या वर्षी ‘भावाकडे, ब्रुकलिन’ असा पत्ता देऊन उतरली असेल, तर त्यांच्या ओळीत आईबापांचे नाव आणि गाव दोन्ही मिळते.

समुद्र ओलांडल्यावर

पॅरिशचे नाव हाती आले की आयर्लंडच्या नोंदी उघडाव्यात. तिथल्या जुन्या गणनांची वाताहत झाली आहे: १८२१ ते १८५१ च्या बहुतेक वह्या डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत जून १९२२ च्या स्फोटात आणि आगीत गेल्या, आणि १८६१ ते १८९१ च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. म्हणून या माणसाचे बालपण गणनेत मिळणार नाही. सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून आहे, आणि कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्यांच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून विनामूल्य खुल्या केल्या आहेत. १९०१ आणि १९११ या दोन गणना पूर्ण आहेत आणि राष्ट्रीय पुराभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आपला माणूस तेव्हा ब्रुकलिनमध्ये होता, पण त्याचे आईवडील कॉर्कमध्ये होते.

१९११ चा अर्ज कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला आणि सही किंवा निशाणी केलेला असतो. वयांकडे सावधपणे पाहा: सत्तरीनंतरचे वृद्धत्व वेतन १९०९ मध्ये सुरू झाल्याने १९०१ मध्ये ५८ वर्षांची असलेली माणसे १९११ मध्ये ७१ वर्षांची झालेली सर्रास दिसतात. याच वेतनासाठी वय सिद्ध करायला अनेकांनी १८४१ आणि १८५१ च्या गणनांतली आपली नोंद काढून मागितली होती. ते मागणीअर्ज आज उपलब्ध आहेत, आणि जळून गेलेल्या वह्यांतल्या काही ओळी केवळ त्यांच्यामुळे वाचल्या आहेत.

त्या अर्जावरचा एक रकाना विवाहित स्त्रियांसाठी आहे: लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, किती हयात आहेत. विधवांना तो भरायचा नव्हता, तरी अनेकींनी भरला; प्रगणकाने मग त्यावर रेघ मारली, पण खालचे आकडे वाचता येतात, म्हणून प्रतिमा मोठी करून पाहावी. समजा, आईपुढे ९ आणि ७ असे आकडे आहेत आणि घरात दोनच मुले आहेत. बाकीच्या पाचांपैकी काही जवळपास संसार थाटून असतील, ती त्याच पॅरिशच्या पानांवर शोधावीत. जी तिथे नाहीत त्यांच्यासाठी १९०० च्या ब्रुकलिनच्या पानावर परत जावे आणि त्याच आडनावाच्या त्या भाडेकरूचे वय या घरातल्या कोणत्या बाप्तिस्म्याशी जुळते ते पाहावे.